मंगळवेढ्याच्या माळावर एकट्या राहणाऱ्या आईच्या दिवसाला हात कसा लावावा?

माणकाठ (सोमवार, सकाळी 7.40)

नमस्कार मंडळी. माझी आई 81 वर्षांची असून मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागात, गावापासून दीड किलोमीटरवरच्या वस्तीवर एकटी राहते. मी सोलापुरात राहतो आणि आजवर दर पंधरा दिवसांनी जाऊन येत असे. परंतु पंधरा दिवसांनी येणारा मुलगा घरचा असला तरी पाहुणाच असतो. त्याच्यासाठी अंगण झाडलेले असते, ताक घुसळलेले असते आणि त्याला दाखवायचे तेवढेच दाखवलेले असते. यंदा निवृत्तीनंतर चैत्र-वैशाखातले चाळीस दिवस मी तिच्याजवळ सलग काढले, तेव्हा तिचा दिवस नेमका कशावर चालतो हे मला पहिल्यांदाच दिसले. त्या दिवसाला मी मदत म्हणून हात लावला आणि तो बिघडवून ठेवला. म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना हा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमचा सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. जून-जुलैचे ढग बहुधा डोक्यावरून निघून जातात. याला वाळवंट म्हणता येणार नाही, कारण पायाखाली ओल धरून ठेवणारी काळी जमीन आहे आणि तिच्यावर रब्बीचा शाळू उभा राहतो. मात्र होळीपासून मृगापर्यंत माण नदीचे पात्र, वस्तीवरचा आड आणि बांधावरचे गवत ही सारी एकाच रंगाची होतात, आणि त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाने कसे जगायचे हा प्रश्न वाळवंटातल्या माणसाच्या प्रश्नाहून फारसा वेगळा राहत नाही.

आई पहाटे साडेचारला उठते. पहिले काम पाण्याचे. टँकर एक दिवसाआड येतो आणि वाटेकडेच्या दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये पाणी ओतून जातो. तिथून ती तांब्याच्या लहान कळशीने, प्रत्येक खेपेला अर्धी भरून, पाणी आत आणते. भरलेली कळशी उचलणे तिने तीन वर्षांपूर्वी सोडले, हेही मला आत्ता कळले. पिण्याचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून रांजणात जाते. रांजण लिंबाखाली वाळूत अर्धा पुरलेला आहे आणि त्याला ओले गोणपाट गुंडाळलेले असते. भाजी धुतलेले पाणी शेळ्यांच्या पाटीत जाते, अंघोळीचे पाणी शेवग्याच्या आळ्यात जाते, आणि भांडी आधी कोरड्या राखेने घासून मग एका तांब्यात विसळली जातात. मी एके दिवशी मोजले तेव्हा दोन शेळ्यांसह तिचा दिवसाचा सारा खर्च 31 लिटर भरला. जलजीवन मिशनने माणशी 55 लिटरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. आई त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबते, आणि तरीही तिच्या घरात पाण्यावाचून काही अडलेले मला दिसले नाही.

सहाला ती शेळ्या घेऊन ओढ्याच्या कडेला जाते. तिथे बाभळी आणि हिवर आहेत, खाली पडलेल्या शेंगा शेळ्या वेचून खातात, आणि उरलेल्या शेंगा ती पदरात भरून आणते. नऊच्या आत ती घरी असतेच. त्यानंतरचा दिवस सावलीच्या मागे जातो. सकाळी तिची बाज लिंबाच्या पश्चिमेला असते, ऊन चढले की ओसरीत येते, बारा ते चार आत माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपराखाली, आणि ऊन उतरले की लिंबाच्या पूर्वेला. पहिल्या आठवड्यात अंगणात जागोजागी चार-चार खळगे का आहेत हे मला उमगत नव्हते. ते बाजेच्या पायांचे खळगे होते. वर्षानुवर्षे बाज त्याच जागी टेकल्यामुळे जमीन वाटीएवढी खोल गेली आहे, आणि अंधारातही आई बाज ओढत नेते तेव्हा तिचे पाय बरोबर त्या खळग्यांत बसतात.

आता मी काय केले ते सांगतो. दुसऱ्या आठवड्यात मी हजार लिटरची काळी प्लास्टिकची टाकी आणून घरासमोरच्या ओट्यावर बसवली, टँकरवाल्याला पाणी थेट तिच्यात सोडायला सांगितले आणि बॅरल व रांजण बाजूला काढला. टाकी उन्हात होती, त्यामुळे दुपारपर्यंत पाणी अंघोळीच्या पाण्याइतके तापत असे. नळाची तोटी नवी आणि घट्ट होती. आईच्या बोटांत ती फिरत नसे. तिने मला एका शब्दाने सांगितले नाही. ती पाणीच कमी प्यायली. चौथ्या दिवशी सकाळी ती शेळ्यांच्या दावणीजवळ भोवळ येऊन बसली, तेव्हा माझ्या लक्षात आले.

मला आपल्याकडून हे हवे आहे की, अशा मुलखात वडीलधाऱ्यांच्या दिवसाला आधार देताना आपण काय केले, त्यातले काय टिकले आणि काय त्यांनी गुपचूप बाजूला ठेवले, ते सविस्तर लिहावे.

सिस्टरताई (सोमवार, दुपारी 1.15)

मी तीस वर्षे ग्रामीण उपकेंद्रात आरोग्यसेविका होते, त्यामुळे भोवळीपासून सुरुवात करते. वय वाढले की तहानेची जाणीव कमी होते. शरीराला पाणी हवे असते, पण घसा ते सांगत नाही. म्हणून "तहान लागली की पितेच की" या उत्तरावर कधीही विसंबू नये. घामही कमी येतो, त्यामुळे अंग आतून तापते आणि बाहेरून कळत नाही. आईंना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती लघवी वाढवणारी आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि उन्हाळ्यापुरती मात्रा बदलायची का हेही त्यांनाच ठरवू द्या; गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरी गोष्ट पुरुष मंडळींना सहसा सुचत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. आपल्या बायका म्हातारपणी पाणी कमी पितात ते पुष्कळदा मुद्दाम. रात्री उठावे लागेल, अंधारात परसात जावे लागेल, पाय घसरला तर कोण उचलेल, या भीतीने त्या दिवस मावळल्यावर तांब्याला हात लावत नाहीत. माझ्या हद्दीतल्या एका आजींना मी वर्षभर "पाणी प्या" म्हणून सांगत होते, आणि त्या वर्षभर हो म्हणत होत्या. शेवटी त्यांच्या मुलाने बाजेपासून मोरीपर्यंत भिंतीला हाताला धरायला बांबू ठोकला आणि मोरीत एक लहान दिवा लावला, त्यानंतर त्यांचे पिणे आपोआप वाढले.

तुमच्या आईंचे शौचालय घरापासून किती पावलांवर आहे?

माणकाठ (सोमवार, रात्री 9.05)

सिस्टरताई, आपला प्रश्न वाचून मी उठून मोजले. 46 पावले आहेत, आणि मध्ये दगडी उंबरा आहे. शौचालय अनुदानातून बांधले तेव्हा जागा मीच दाखवली होती. घराजवळ नको असा माझा आग्रह होता. आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "राती म्या पानीच पीत न्हाई, मग उठायचं कामच पडत न्हाई." हे ती किती वर्षांपासून करते आहे हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

सांगोल्याचे गुरुजी (मंगळवार, सकाळी 6.10)

मी स्वतः 74 वर्षांचा आहे आणि सांगोला तालुक्यात वस्तीवरच राहतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

माणकाठ, तुम्ही बॅरल हलवलात तेव्हा आईंचे दिसणारे पाणी नाहीसे केले. बंद टाकीत पाणी किती आहे ते दिसत नाही. बॅरलमध्ये डोकावले की कळते, की आज किती आहे आणि टँकर आला नाही तर उद्याचे काय. आमच्या पिढीला हे डोकावणे 1972 साली लागले आणि ते अजून सुटलेले नाही. त्या वर्षी मी विशीतला होतो. दुष्काळी कामावर खडी फोडत होतो, बायाबापड्या तळ्याच्या भरावावर माती टाकत होत्या, लेकरांना सुकडी मिळत होती आणि घराघरांत परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी थापल्या जात होत्या, त्या तव्यावरच तुटत. दावणीची खिलार जोडी वडिलांनी कवडीमोलाने विकली, आणि ती बैलगाडीमागे जाताना वळून पाहत होती, हे मला आजही दिसते. ज्यांनी ते वर्ष पाहिले त्यांच्यासाठी घरात भरलेला रांजण असणे आणि कणगीत ज्वारी असणे याचा अर्थ निराळा आहे. तो रांजण आधी परत जागेवर ठेवा.

जेवणाविषयीही लिहितो, कारण त्यावर कोणी बोलत नाही. आमच्या तोंडाला ज्वारीच लागते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी आम्ही लहानपणापासून खात आलो, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण रेशनवर बहुतेक महिने गहू आणि तांदूळ येतो. दात गेलेल्या माणसाला गव्हाची पोळी चावत नाही, तांदळाने पोट भरल्यासारखे वाटत नाही, आणि पदरची ज्वारी संपली की माणूस गुपचूप एक वेळच जेवू लागतो. मी उन्हाळ्यात सकाळी हुलग्याचे माडगे पितो, दुपारी ज्वारीच्या कण्या ताकात कालवून खातो आणि रात्री कडक भाकरी दुधात चुरून घेतो. यातले काहीही चावावे लागत नाही, आणि तिन्हींतून पाणी पोटात जाते. सिस्टरताईंनी सांगितलेले पाणी तांब्यानेच प्यायले पाहिजे असे नाही; ते कण्यांतून आणि ताकातूनही जाते. आईंच्या कणगीत ज्वारी किती उरली आहे ते एकदा, त्यांना न दुखावता, पाहून घ्या.

बाडमेरला राहिलेला (मंगळवार, रात्री 10.30)

मी मूळचा मोहोळचा. नोकरीनिमित्त आठ वर्षे राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात काढली, त्यामुळे खऱ्या वाळवंटात म्हातारी माणसे कशी राहतात ते जवळून पाहिले आहे. तिकडे वस्त्यांना ढाणी म्हणतात, आणि एकेक ढाणी दुसरीपासून इतकी लांब असते की रात्री दुसऱ्या घरचा दिवा ठिपक्यासारखा दिसतो. तरीही तिथल्या म्हाताऱ्यांना पिण्याच्या पाण्याची धास्ती आपल्याइतकी मला दिसली नाही, आणि त्याचे कारण टांका आहे. टांका म्हणजे अंगणातच जमिनीखाली बांधलेले गोल टाके. त्याच्या भोवतीची जमीन चहूकडून उताराची व चोपलेली असते, तिला आगोर म्हणतात. पावसाचे पाणी त्या उतारावरून जाळीतून आत उतरते. त्या आगोरात कोणी चप्पल घालून जात नाही आणि जनावर शिरू दिले जात नाही. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने सुधारलेला टांका 21,000 लिटरांचा आहे, आणि पाऊस जैसलमेरच्या बाजूला तर वर्षाला दोनशे मिलिमीटरही होत नाही.

आपल्याकडे त्याच्या अडीचपट पाऊस पडतो. मी साधा हिशेब मांडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. समजा घराला वीस चौरस मीटरचे पत्र्याचे छप्पर आहे. साडेपाचशे मिलिमीटर पावसात त्यावर 11,000 लिटर पडेल. वाया जाणारे पाचवा हिस्सा धरून वजा केले तरी 8,800 लिटर हाती लागेल. दुष्काळी वर्षात निम्मे धरा, 4,400 लिटर. आता गरज पाहा. एका माणसाला पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला दहा लिटर पुरे. ऑक्टोबर ते जून असे 270 दिवस धरले तर 2,700 लिटर झाले. म्हणजे वाईटातल्या वाईट वर्षीही तीन हजार लिटरची एक टाकी भरून पुरेल, आणि टँकर चार दिवस आला नाही तरी आईंच्या पिण्याच्या पाण्याला धक्का लागणार नाही.

टाकी मात्र सावलीत हवी, तिच्यात उजेड शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ धरेल; सगळ्या तोंडांना बारीक जाळी हवी, नाहीतर डासांची पैदास होईल; आणि पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडून द्यावे, कारण त्यात छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण असते. गुरुजींचे म्हणणे मला पटले, म्हणून आणखी एक सुचवतो. टाकीला बाहेरून पारदर्शक नळी लावा, म्हणजे आत पाणी किती आहे ते आईंना बाजेवरून दिसेल.

अक्कलकोटची सून (बुधवार, दुपारी 3.20)

मी सगळे प्रतिसाद वाचले. त्यांतली माहिती उपयोगाची आहे, पण मला काही वेगळे म्हणायचे आहे आणि ते कोणाला टोचले तर माफ करावे. "आईला गाव सोडायचे नाही" हे वाक्य आपण फार सहज लिहितो, आणि ते वाक्य आपली सोय करते. माझ्या सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणत असू. त्याही वस्तीवर एकट्या होत्या, त्यांनाही जायचे नव्हते, आणि आम्ही त्याचा मान राखला असे आम्हाला वाटत होते. त्या खुब्यात मोडल्या तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत अंगणात पडून होत्या. दूध घालायला येणारा मुलगा त्या दिवशी आला नव्हता. पुढची तीन वर्षे मी त्यांची सेवा केली. तेव्हा एके रात्री त्या मला म्हणाल्या, की तुम्ही दोनदा विचारले असते तर मी आले असते. एकदा विचारल्यावर हो म्हणणे बरे दिसत नाही.

मी असे म्हणत नाही की माणकाठ यांच्या आईंना शहरात आणावे. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शेळ्या नसलेली, सावली मागे फिरवणारी बाज नसलेली बाई किती दिवस राहील, हे मलाही कळते. माझे म्हणणे एवढेच, की टाकी किती लिटरांची हे ठरवण्याआधी तुम्ही त्यांना दुसऱ्यांदा विचारले का? आणि त्या पडल्या तर किती तासांत कोणाला कळेल, याचे उत्तर तुमच्याजवळ आहे का?

माणकाठ (गुरुवार, सकाळी 8.00)

अक्कलकोटच्या ताई, आपले लिहिणे टोचले, आणि ते टोचायलाच हवे होते. काल संध्याकाळी मी आईला दुसऱ्यांदा विचारले. ती बराच वेळ शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली की पेरणी ते काढणी ती येणार नाही, कारण वाट्याने दिलेल्या रानावर कोणीतरी घरचे दिसले पाहिजे, उन्हाळ्यात येणार नाही, कारण शेळ्या, "पर गड्ड्याला येते, अन् काढनीच्या आत मला माघारी सोड." म्हणजे जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला ती सोलापुरात येईल आणि ज्वारी काढणीला येण्याआधी परत जाईल. गेली बारा वर्षे मी तिला दिवाळीत बोलावत होतो, आणि दिवाळीत तिला हुलजंतीच्या महालिंगरायाच्या यात्रेला जायचे असते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आज ते शोधायला निघतो आहे.

पांढरी (गुरुवार, दुपारी 12.45)

एक सावधगिरी. आई माळवदाच्या घरात राहतात असे आपण लिहिले आहे. मी गवंडीकाम करतो. माळवद उन्हाळ्यात उत्तम. लाकडी तुळया, वर किलचा म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, त्यावर तरवडाचा किंवा लिंबाचा पाला आणि वर हातभर माती असते, त्यामुळे दुपारची तलखी आत पोहोचत नाही. त्यांना पत्र्याच्या खोलीत मुळीच झोपवू नका, ती दुपारी भट्टी होते. पण माळवदाला दरवर्षी मृगाआधी पांढरी माती अंथरून चोपावी लागते. पूर्वी घरातली माणसे ते काम करत, आता एकट्या म्हाताऱ्यांच्या घरांवर पाच-पाच वर्षे माती पडत नाही. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात झड लागली की पाणी तुळईत मुरते. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत आमच्या भागातली कितीतरी माळवदे बसली, आणि बहुतेक घरे अशाच एकट्या माणसांची होती. तुळईची भिंतीत शिरणारी टोके पाहा. तिथे सळई टोचली आणि ती बोटभर आत गेली, तर खाली लगेच टेकू लावा. पावसाचे पाणी धरायचे ते शेजारच्या पत्र्यावरून धरा. माळवदावरचे गढूळ येईल.

तरवड (शुक्रवार, सकाळी 11.30)

कागदपत्रांविषयी थोडक्यात लिहितो, कारण म्हाताऱ्यांचे भर उन्हातले हेलपाटे बहुतेक त्यासाठीच होतात. आयुष्यभर खुरपे आणि राख हाताळलेल्या बोटांवर रेघा उरत नाहीत, त्यामुळे रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागत नाही. माझी आत्या तीन महिने दर खेपेला "उद्या या" ऐकून परत आली. वास्तविक अंगठा न लागणाऱ्यांसाठी मोबाइलवरच्या ओटीपीची सोय आहे. त्यासाठी चालू मोबाइल क्रमांक आधारला आणि शिधापत्रिकेला जोडलेला असावा लागतो, आणि म्हाताऱ्यांचा जोडलेला क्रमांक बहुधा बंद पडलेल्या सिमचा असतो. ते आधी तपासा. श्रावणबाळ योजनेचे दरमहा 1,500 रुपये चालू असतील तर दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका. एसटी 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत आहे. मात्र फुकट गाडी गावापर्यंत यायला हवी. आमच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली, त्या दिवसापासून तालुक्याला जायचे म्हणजे म्हाताऱ्यांना दुपारच्या उन्हात फाट्यावर दोन तास बसावे लागते.

माणकाठ (तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी 6.20)

आपण सगळ्यांनी इतके मन लावून लिहिलेत, म्हणून काय केले ते क्रमाक्रमाने सांगणे माझे कर्तव्य आहे.

रांजण आणि बॅरल दुसऱ्याच दिवशी जागेवर ठेवले. रांजण वाळूत बसवताना आईने मला बाजूला केले आणि तो स्वतः हाताने फिरवून, त्याचा जुना डाग लिंबाच्या बाजूला येईल असा बसवला. रांजणाला खालच्या बाजूने तोटी बसवावी असे मला वाटत होते. तिने नको म्हटले, कारण ओगराळ्याने पाणी घेताना आत किती आहे ते हाताला कळते. मग मी तोटी सोडून दिली.

शौचालयाची जागा बदलता आली नाही, परंतु घराला लागून मागच्या पडवीत रात्रीपुरती मोरी बांधली. बाजेपासून तिथपर्यंत 9 पावले होतात. भिंतीला तिच्या कमरेच्या उंचीवर बांबू आहे आणि सौर दिवा आहे. सिस्टरताई, पहिल्या रात्री काही फरक पडला नाही. पाचव्या रात्री मी जागा होतो, तेव्हा तिने उशापासचा तांब्या उचलून तोंडाला लावल्याचा आवाज आला.

कणगीत ज्वारी दोन पायल्या उरली होती. गुरुजी, आपण सांगितले नसते तर मी कणगीचे झाकण उघडले नसते. शेजारच्या वस्तीवरून एक क्विंटल मालदांडी घेतली, आणि ती तिने स्वतः पाखडून लिंबाचा पाला घालून भरली.

माळवदाच्या एका तुळईचे टोक सळई टोचल्यावर आत गेले. टेकू लावला आहे, पांढरी मातीही चोपून घेतली. पत्र्याच्या खोलीला पन्हळ लावून तीन हजार लिटरची टाकी उत्तरेच्या भिंतीच्या आडोशाला, वर शेड करून बसवली. नळी बाहेरून दिसते. तोटी अर्ध्या फेऱ्यात उघडणारी, लांब दांड्याची घेतली, आणि ती कोणत्या उंचीवर असावी हे आईच्या हातात रिकामी कळशी देऊन, तिला उभी करून ठरवले. गेल्या मंगळवारी वळवाचा पाऊस झाला. ते पाणी हिशेबाप्रमाणे सोडून द्यायचे होते, पण आईने ते वाया जाऊ दिले नाही. शेळ्यांची पाटी भरली आणि उरलेले शेवग्याला घातले.

पडली तर कोणाला कळेल, याची व्यवस्था अशी केली आहे. ओढ्याकडे जाताना शेळ्या ज्या वस्तीवरून जातात, तिथल्या सूनबाईंशी बोललो. साडेसहापर्यंत आई आणि शेळ्या पुढे गेलेल्या दिसल्या नाहीत तर त्या माणूस पाठवतील आणि मला फोन करतील. आई दुभत्या शेळीचे अर्धे दूध त्यांच्या लेकराला देणार आहे. हे तिने ठरवले, मी नाही. आणि पुढच्या वर्षापासून होळी ते मृग मी तिथेच राहणार आहे. तसे मी तिला सांगितले, तेव्हा तिने फक्त माझी बाज कुठे टाकायची ते दाखवले.

आधारला जोडलेला क्रमांक तरवड यांनी म्हटले तसा बंद सिमचाच निघाला. तो बदलण्यासाठी उद्या मंगळवेढ्याला जायचे आहे. मी दहाची गाडी म्हणत होतो. आई म्हणाली, साडेसहाची धरू, म्हणजे ऊन व्हायच्या आत माघारी येऊ, आणि शेळ्यांना आज रात्रीच शेंगा काढून ठेवते.